लस येईपर्यंत

बुधवार, सकाळचे अकरा. सातपैकी चौथं इंजेक्शन. दवाखान्याच्या खोलीत मी, माझी पत्नी सुमन आणि सिस्टर. सुमनचा हा वर्षातला लघवीचा पाचवा संसर्ग. या वेळी तो मूत्रपिंडापर्यंत पोचला आणि गोळ्यांनी हटेना.

“ताई, पाणी भरपूर प्यायचं,” सिस्टर म्हणाली.

टेबलावर तिची स्वतःची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. सुमनने ती पाहिली. “आणि तू गं?”

“इथल्या बाथरूमला कडी नाही, ताई. घरी गेल्यावरच पिते.”

बावीस वर्षं सुमन बसमध्ये कंडक्टर होती. तिचीही बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत यायची. मी ती रोज ओतून विसळायचो. भरलेली का, हे एकदाही विचारलं नाही.

डॉक्टरांना मी या संसर्गावरच्या लशीचं विचारलं होतं. “प्रयत्न चालू आहेत, पण आपल्याकडे अजून मिळत नाही,” ते म्हणाले. हा जंतू मूत्राशयाला आतून चिकटू नये म्हणून काय करावं, यावर कुठे कुठे माणसं वर्षानुवर्षं काम करताहेत. ती लस लवकर यावी. पण सुमनची मूत्रपिंडं तिच्यासाठी थांबणार नाहीत, आणि या मुलीलाही अजून कितीतरी वर्षं ड्युटी करायची आहे.

खाली येऊन मी समोरच्या दुकानात कडी मागितली.

“बावीस वर्षांनी सुचलं तुम्हाला,” सुमन म्हणाली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

साठ रुपये दुकानदाराला दिले, आणि परत वर जाऊन कडी सिस्टरच्या हातात.