पोटाखालचा लाल दिवा

लढाई सुरू झाली तेव्हा माझं पोस्टिंग जबलपूरच्या धावपट्टीवर होतं. मी हवाई दलात कॉर्पोरल होतो. घर गावाजवळच्याच रांझीला, वडील तिथल्याच दारूगोळ्याच्या कारखान्यात. आईला वाटलं, पोरगा घराजवळ आला, आता धोका टळला. आम्ही सहाजण होतो आणि आमचा प्रमुख सार्जंट जोसेफ. कमी बोलणारा, पण बूट चमकत नसले तर मात्र भरपूर बोलणारा माणूस.

काम ठरलेलं होतं. कारखान्याचे ट्रक पेट्या आणत, डाकोटा विमानं त्या घेऊन सीमेकडे जात. पेट्या चढवायला कारखान्याचेच लोक येत. त्यांना विमानाची सवय नव्हती, म्हणून जोसेफनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना विमानासमोर उभं केलं आणि पोटाखालचा लाल दिवा दाखवला.

"पायलट इंजिन से पहले ये बत्ती जलाएगा. बत्ती जली, तो कोई आगे नहीं. इंजिन और पंखा बंद, तब बत्ती बंद."

बाकीच्या दिव्यांची रीतही तितकीच साधी होती. विमान जमिनीवर चालताना पुढचा दिवा लावायचा, समोर माणूस असेल तर विझवायचा, कारण डोळे दिपलेला माणूस कुठेही पाऊल टाकतो. उतरण्याचे मोठे दिवे धावपट्टीवर गेल्यावरच.

कारखान्याच्या लोकांना हे लगेच पटलं. त्यांच्यात देवताळेकाका होते, वडिलांच्या शिफ्टचे. मला मांडीवर खेळवलेले, म्हणून माझ्या गणवेशाचा त्यांना काडीचाही धाक नव्हता.

"आमच्या शॉपमध्ये हेच तर आहे बाप्पा," ते म्हणाले. "मशीनवर लाल बत्ती लागली, हात काढून घ्यायचा. आवाजाचं काय, तो तर दिवसभर सुरूच राहते. आवाज आयकून कोणी काम करते काय?"

मी हसलो. त्या वाक्यात काय दडलं होतं ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी ब्लॅकआउटचा हुकूम आला. रांझीत वडिलांनी खिडक्यांना काळा कागद लावला, छावणीतला सदर बाजार दिवेलागणीलाच मिटला. त्या संध्याकाळी एक डाकोटा भरून तयार होतं. अंधार पुरता पडला नव्हता, पण माणसांचे चेहरे ओळखू येईनासे झाले होते. जोसेफच्या हातातल्या वायरलेस सेटवर कंट्रोल टॉवरचा आवाज आला.

"ऑल एक्स्टीरियर लाइट्स ऑफ. ओव्हर."

पायलटनं विचारलं, "पोटाखालचा लालसुद्धा?"

"अफर्मेटिव्ह. ऑल लाइट्स."

हुकूम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. वरून एक ठिणगी दिसली असती तरी कारखाना आणि त्याच्या भोवतीची आमची घरं धोक्यात होती. जोसेफनं सेट कमरेला अडकवला. मग म्हणाला, "बत्ती नहीं, तो आदमी खड़ा होगा." उजव्या पंखाजवळ त्यानं एका जवानाला उभं केलं. डाव्या बाजूला ट्रक होता, माणसं होती. तिथं तो स्वतः उभा राहिला.

मी विमानासमोर होतो, पायलटला हातानं खुणा करायला. आधी उजवं इंजिन सुरू झालं, मग डावं. फिरणारा पंखा संधिप्रकाशात दिसत नाही, तिथं नुसती हवा आहे असं वाटतं. तेवढ्यात ट्रकमागून एक माणूस निघाला. खांद्यावर एक छोटी पेटी. ती ट्रकमध्येच राहून गेली होती. तो सरळ वाटेनं, डाव्या इंजिनाच्या दिशेनं, विमानाच्या दाराकडे चालला होता. चालीवरून ओळखलं. देवताळेकाका.

लाल दिवा विझलेला होता. त्यांच्या हिशेबी मशीन बंद होती.

मी ओरडलो, पण ते मलाही ऐकू आलं नाही. गळ्यावरून हात फिरवून पायलटला इंजिन बंद करायची खूण केली. त्यानं ती तत्काळ पाळली, पण पंखा लगेच थांबत नसतो. काका दोन-चार पावलांवर पोचले होते. जोसेफ धावला. त्यानं खांद्यानं काकांना ढकललं, काका पेटीसकट मागे आपटले. जोसेफला स्वतःचा तोल सावरता आला नाही.

पुढचं मी सांगणार नाही. विमान धुतलं, तपासलं आणि ते गेलं. ती पेटीही गेली.

दुसऱ्या दिवशी पायलटच्या सांगण्यावरून हुकूम बदलला. लाल दिव्यावर पत्र्याची टोपी बसवली, म्हणजे उजेड फक्त जमिनीवर पडे. काका डोक्याला टाके घालून कामावर आले. संध्याकाळी मला म्हणाले, "काहून ढकललं रे त्यानं मले? मी त्याचा कोण लागत होतो?" मला रडू आवरलं नाही.

पुष्कळ वर्षांनी काकांना मुलीकडे पाठवायला मी विमानतळावर गेलो. काचेपलीकडे एका विमानाच्या पोटाखाली लाल दिवा लुकलुकू लागला. इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. काका खुर्चीवरून उठले, चप्पल काढली, हात जोडले. शेजारच्या पोरानं विचारलं, "क्या हुआ, दादाजी?"

"काही नाही बेटा," काका म्हणाले. "जोसेफसाहेब उभे आहेत. आता कोणी पुढे जाऊ नका."

मी त्यांच्या शेजारी सावधान उभा राहिलो.