गुरुजीच्या दोन हाताची मेंदी

जुलै लागला का नांदुऱ्यात आमच्या टॅक्सवाल्या वकीलसाहेबाच्या दारात चपलाईचा ढीग पडते. चपला संध्याकाळी ज्याच्या त्याच्या पायात जातात, किस्से माह्यापाशी राह्यतात. मी तिथं कामाले नाही, नुसता बाकड्यावर बसतो. सही येते मले, तीबी वाकडी. पन कान शाबूत हायेत.

*

शेगावचा एक लॉजवाला आलता. म्हने लॉजची कमाई सारी पोराची हाय, माह्या रिटर्नमंदी धरू नका. साहेबानं इचारलं, पोरगा केवढा?

"चौथीत हाय. पन हुशार हाय लय."

साहेबानं त्याले समजावलं. लहान लेकराची कमाई बापाच्या कमाईतच धरतात. हां, लेकरानं सोताच्या मेहनतीनं, सोताच्या कलेनं कमावली, तर वेगळी.

*

बाजूले शाळेतले गुरुजी नंबर लावून बसले होते. त्याईनं पह्यलं अर्धं ऐकलं, तेवढ्यात फोन आला, गेले बाहेर. घरी जाऊन पोरीले सांगतलं, तुही मेंदी बंद.

पोरगी पल्लवी, अकरावीत. लग्नाच्या दिवसात पार धाड गावापासून बोलावनं येते तिले.

"तू कमावशीन आन् टॅक्स मी भरू काय?" गुरुजी म्हने.

*

दुसरी असती तं रडत बसली असती. हे सायकल घेऊन सिधी वकीलसाहेबापाशी आली. परवाचं डोहाळजेवन धरलं हाय, म्हने, त्या बाईले शब्द देल्ला हाय, काय थे सांगा.

साहेब म्हने, मेंदीची कमाई तुहीच. फक्त थे पैसे ब्यांकेत ठेवशीन तं व्याज पप्पाच्या रिटर्नमंदी जाईन.

"मंग व्याजाचा टॅक्स मी देईन त्याईले. पन मेंदी सोडनार नाही."

*

गुरुजीले पटेना. पोरीनं साहेबाले फितवलं, म्हने. मले पानठेल्यावर भेटले.

मी म्हनलं, "गुरुजी, कला पोरीच्या हातची हाय याचा पुरावा लागते. साहेब हात पाह्यते."

"कोनाचा?"

"ज्याचं रिटर्न, त्याचा."

*

दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळा सुटल्यावर आले. कोपरापर्यंत मेंदी. मोर काय, कैऱ्या काय! दिवसभर फळ्यावर पोट्ट्याईकडूनच लिहून घेतलं म्हने.

दोन्ही हात टेबलावर ठेवले. साहेबानं हात पाह्यले, मंग माह्याकडं पाह्यलं. मी पंख्याकडं पाह्यलं.

"पुरावा पक्का हाय, गुरुजी," साहेब म्हने. "पोरीची कमाई पोरीची. काढू द्या तिले मेंदी."

पल्लवी मांगंच उभी होती. "पप्पा, दोन हाताचे पैसे राह्यले."

गुरुजीनं तिच्याकडं पाह्यलं. पाकीट काढलं, देल्ले. दारापर्यंत गेले, चपला घातल्या, मंग परत आत आले आन् हळूच म्हने,

"साहेब, हे माह्या खर्चात दाखवता येते काय?"