कल्ला उचलणाऱ्या बाई

आमच्या बाई कुणाच्याही प्रोग्रॅमला ‘छान’ म्हणायच्या नाहीत. ‘छान दिसतोय,’ म्हणायच्या. त्यातल्या ‘दिसतोय’नेच घाम फुटायचा. नव्वदीच्या दशकात नौपाड्यातल्या एका छोट्या कंपनीत त्या सीनियर, मी नवा. खाडीकाठच्या कोळणीचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. हे मी तेव्हाही ताठ मानेने सांगायचो.

एकदा मी बाईंना विचारलं, फॉर्मॅटर चालवला की कोड स्वच्छ होतोच, मग वर तो चुका शोधणारा लिंट कशाला?

“तुझी आई मासा कसा पारखते रे?”

“कल्ला उचलून. आत लाल हवा.”

“आणि पाणी मारून टोपलीत ओळीने रचलेला?”

“तो कसाही निघेल.”

“झालं तर. फॉर्मॅटर टोपली रचतो. मोकळ्या जागा, समास, कंस. अर्थाला हात लावत नाही. लिंट कल्ला उचलतो. स्वतः बदलत काही नाही, फक्त सांगतो.”

जन्मात मासा न खाल्लेल्या बाई हे सांगत होत्या.

मानपाड्याच्या एका रंग कारखान्यातल्या गरम रसायनाच्या टाकीची झडप सांभाळणारा प्रोग्रॅम आम्ही करत होतो. लिंटने एका ओळीवर बोट ठेवलं. बरोबरची दोन चिन्हं लिहिली की ‘झडप बंद आहे का?’ असा प्रश्न होतो. एकच लिहिलं की ‘बंद आहे असं समज’ असा हुकूम. तिथे एकच होतं. ओळ आमच्या कंपनीच्या साहेबांच्या हातची, त्यांच्या फायलीला इतरांनी हात लावायचा नाही. बाईंनी त्यांना दाखवलं. साहेबांनी फॉर्मॅटर फिरवला. ओळ आणखीच सुबक झाली, चूक तिथेच.

“बघा, कसं चकाचक. बाई, उगाच कल्ला करू नका, उद्या माल द्यायचाय.” आणि त्यांनी लिंटचा इशाराच बंद करून टाकला.

कारखान्यात प्रोग्रॅमने झडप बंदच आहे असं धरलं, आणि ती उघडी राहिली. टाकी उतू गेली, एका कामगाराचा पाय भाजला. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “तपासायचं काम बाईंचं होतं.” आजही आठवलं की डोकं सणकतं. मी उभा राहिलो, “त्यांनी दाखवलं होतं, तुम्ही तोंड दाबलंत.” बाकीचे इस्त्रीचे शर्ट टेबलाकडे बघत बसले.

बाईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला. जिन्यात मी त्यांच्यावरच चिडलो, भांडला का नाहीत म्हणून.

“मी सांगितलं रे, आणि सांगून थांबले. तू थांबू नकोस. कल्ला उचल. कुणी ऐकलं नाही, तर कल्ला कर.”

पुढे तो कामगार मानपाड्याला टपरीवर भेटला. लंगडत होता. चूक कुणा बाईची, एवढंच त्याला सांगितलेलं. मी साहेबांचं नाव घेतलं, आडनावासकट, सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं.