वैशालीला घर पाहिजे

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या पेपरच्या ऑफिसात चहाच्या वेळी बातम्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. सध्या सगळे एकाच विषयावरचे. पोरं हसतात, माझं मात्र डोकं फिरतं!

आमची वैशाली मूळची लोणंदची. सांगलीत वर्षानुवर्षं क्राइम रिपोर्टिंग केलेली. तिला पुण्याच्या डेस्कवर बढती मिळाली. ऑफिस डेक्कनला, ड्युटी संपणार मध्यरात्रीनंतर. म्हणजे घर चालत जाण्याच्या अंतरावरच हवं. महिनाअखेरपर्यंत हजर झाली नाही, तर ती जागा दुसऱ्याला!

*

पहिल्या घरमालकांनी फोनवरच विचारलं, "फॅमिली आहे ना?"

"आहे की. आई, वडील, भाऊ."

"तसं नाही हो. मिस्टर?"

"लग्न नाही झालेलं."

"मग एकट्याच आहात म्हणा ना!" फोन बंद.

*

दुसऱ्या घराला मीही गाडी घेऊन पुण्याला सोबत गेलो. मालक म्हणाले, "वकील, पोलीस आणि पत्रकारांना आम्ही जागा देत नाही. नंतर बाहेर निघत नाहीत."

मी म्हणालो, "साहेब, आधी आत तर येऊ द्या!"

दार लागलं. जिन्यातच वैशाली म्हणाली, "सर, पुढच्या घराला तुम्ही गाडीतच बसा."

*

मग एका सोसायटीची कमिटी. टेबलापलीकडे सगळे निवृत्त साहेब, अलीकडे ही एकटी. गावात कोण असतं, भेटायला कोण येणार, मित्र किती! मी आयुष्यभर गुंडांच्या मुलाखती घेतल्या, त्यांनाही असलं काही विचारलं नाही.

चेअरमन म्हणाले, "इतक्या उशिरा येणार म्हणजे वॉचमनची झोपमोड."

"वॉचमन झोपायला ठेवलाय का?" वैशालीने विचारलं.

कमिटीचा निर्णय झाला: मुलगी उलट बोलते!

*

एका बाईंचा फ्लॅट मात्र जवळजवळ ठरलाच होता. निघताना त्यांनी विचारलं, "नॉनव्हेज?"

"खाते."

"मग नाही जमणार. वास अजिबात सहन होत नाही आम्हाला."

"पण काकू, तुमच्या स्वयंपाकघरातनं आत्ता बोंबलाचा वास येतोय!"

"तो कुत्र्यासाठी!"

*

महिना संपत आला. गेल्या रविवारी वैशाली दमून लोणंदला गेली. तिच्या आईने वरची खोली भाड्याने द्यायला झाडून ठेवली होती. अंगणात एक तरुण नर्स बॅग घेऊन उभी. गावातल्या दवाखान्यात नुकतीच लागलेली.

"एकलीच ऱ्हाणार?" आईने विचारलं.

"हो, मावशी."

"रातपाळी असती?"

"असते कधी कधी."

"मग न्हाई जमायचं, बाई."

पोरगी बॅग उचलून निघून गेली. वैशाली भडकली. "आई, मी तिकडं दारोदार फिरतीया, आन् तू हिला न्हाई म्हणतीस?"

आई शांतपणे म्हणाली, "मग? तुला न्हाई म्हणाली ती पुण्याची एवढी शिकलेली माणसं काय येडी हायत व्हय?"