चार गोण्या माती

इतकी वर्षं खात्यात काढली. खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण सर्वांत जास्त डोकं कोणत्या केसने खाल्लं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, चार गोण्या मातीच्या केसने. लोक हसतात. हसोत बापडे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते आणि मी लालबाग-परळ भागातल्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. रोज सभा, रोज मोर्चा. माझा सख्खा भाऊ घोषणा देत पुढे आणि मी लाठी घेऊन समोर, अशी घरातच पंचाईत. वरून हुकूम होता : दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, स्फोटक पदार्थ, कशाचाही साठा दिसला की आधी उचला, मग विचारा.

खबर दिली ती उपनगरातल्या जुन्या स्टेडियमच्या फाटकाबाहेर चणे-दाणे विकणाऱ्या माणसाने. म्हणाला, "साहेब, चार दिवस बघतोय. भर दुपारी एक जण आतून गोण्या काढतो, हातगाडीवर घालतो, वर कापड टाकतो. गाडी तुमच्या हद्दीतल्या चाळीत जाते. माल चोख असता तर झाकला कशाला असता?"

मला ते पटलं. परळच्या नाक्यावर आम्ही हातगाडी अडवली. ओढणारा पंचविशीचा, गिरणीत बदली कामगार, म्हणजे रोज गेटावर उभं राहून गैरहजर माणसाच्या जागी काम मिळवणारा, मनगटं माझ्या पोटरीएवढी. गोण्या सोडल्या तर आत तांबडी माती. तीही साधी नाही. तेलकट, पिवळसर झाक असलेली, कापराचा वास मारणारी. माझ्या हवालदाराने चिमूट नाकाशी नेली आणि म्हणाला, "सायबानू, ह्यात कायतरी मिसळलेला आसा." आम्ही सगळी माती चाळणीने चाळली. एक खडा निघाला नाही.

"हे काय आहे?"

"माती, साहेब."

"कुणी दिली?"

गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मी एक लगावली. खोटं कशाला बोलू? तेव्हा ती रीत होती आणि मी तरुण होतो. त्याने गाल चोळला आणि एवढंच म्हणाला, "माती नेणं गुन्हा आहे का?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी त्याला कोठडीत टाकलं. मातीचा नमुना तपासायला पाठवला आणि स्टेशन डायरीत नोंद केली, 'संशयास्पद पदार्थ'.

संध्याकाळी त्याचा बाप आला. नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं ते घर. पायरीखाली उभा राहून म्हणाला, "साहेब, परवापर्यंत हा गेटावर दिसला नाही तर त्याची बदली दुसऱ्याला जाईल. घरात कमावता हा एकच." मी म्हणालो, "मग त्याला बोलायला सांगा." बाप आत गेला, दहा मिनिटांनी बाहेर आला आणि मान हलवून निघून गेला. पोरगा बापालाही नाव सांगेना! चोर साथीदाराला वाचवतो ते समजतं, पण माती देणाऱ्याला वाचवायचं काय कारण?

दुसऱ्या दिवशी पुडीत माती बांधून मी स्वतः स्टेडियमवर गेलो. नाव मोठं ऐकलं होतं, आत पाऊल पहिल्यांदाच टाकलं. कडेने सायकलींच्या शर्यतीची वाट, मधे हॉकी, एका कोपऱ्यात हुतूतू, गॅलरीखाली मुष्टियुद्धाची शिकवणी. ज्याला विचारावं तो दुसरीकडे बोट दाखवी. मी अर्धा तास गरगर फिरलो. शेवटी मागच्या बाजूला कुस्तीचा हौदा सापडला. निम्मा खोदलेला होता. तिथे सिमेंटची फरशी करून दुसरे खेळ आणायचे, माती टाकून द्यायची, असं व्यवस्थापनाने ठरवलं होतं. म्हणजे चोरीचा प्रश्नच मिटला. टाकाऊ माल!

मी हौद्यात उतरणार तोच मागून आवाज आला, "बूट काढा, साहेब."

साठीचे एक गृहस्थ. कान मोडलेले, छाती अजून भरदार. लालबागच्या एका जुन्या तालमीचे वस्ताद. स्टेडियममधल्या कुस्त्याही तेच पाहत. मी पुडी पुढे केली. त्यांनी वास घेतला. "इथलीच. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली. वीस वर्षं मुरतेय."

"कुणी नेली, ठाऊक आहे?"

त्यांचा चेहरा बदलला. "पकडलंत त्याला?"

"कोठडीत आहे. देणाऱ्याचं नाव सांगत नाही."

वस्ताद हौद्याच्या काठावर बसले, मूठभर माती हातात चुरली. मग म्हणाले, "उद्या सकाळी येतो ठाण्यावर." एवढा धिप्पाड माणूस माझ्याकडे न बघता बोलला. मी अधिकच गोंधळलो.

आता माझी करामत ऐका. केस निकालात काढायची तर काम चोख हवं, म्हणून जबाबाच्या वेळी मी दोन प्रतिष्ठित पंच बोलावले. कोण? वस्तादांच्याच तालमीचे दोन कारभारी. ओळखीतले आहेत, वस्तादांना बरं वाटेल, असा माझा हिशेब.

वस्ताद आले, पंचांना पाहून दारातच थबकले. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कोठडीतून तरुणाला आणलं. त्याने वस्तादांना पाहिलं आणि घाईने म्हणाला, "साहेब, मी चोरली माती. लिहून घ्या."

"गप रे," वस्ताद म्हणाले. "साहेब, माती मी दिली. ह्यांच्या चाळीत नवा हौदा करायचाय. नव्या मातीत जुनी घालावी लागते, दुधाला विरजण लावतात तशी. नाहीतर ती अंग धरत नाही."

एक पंच हळूच म्हणाला, "कुणाच्या चाळीत, वस्ताद?"

"ऐकलंस ते. ह्यांच्या."

"आपली माती? त्यांना?"

"आपल्या तालमीत ह्याला पाय ठेवू दिला नाहीत. स्टेडियममध्ये मी ह्याला शिकवला. आता तेही बंद होतंय. मग कुठे खेळायचं ह्याने? लिहा, साहेब."

दोघा पंचांनी सह्या केल्या आणि वस्तादांशी एक शब्द न बोलता निघून गेले. दोघांच्याही सदऱ्यावर चळवळीचे बिल्ले होते. मी तरुणाला सोडला, गोण्या परत दिल्या. त्याच दुपारी तो गेटावर हजर झाला, बदली वाचली. अहवाल आला : माती. मी खूश!

आठवड्याने हवालदाराने बातमी आणली. तालमीने वस्तादांना दार बंद केलं होतं. मी हादरलोच. विचारत विचारत त्या चाळीत गेलो. मागच्या मोकळ्या जागेत नवा हौदा झाला होता, पाच-सहा जण कुस्तीत घुमत होते, वस्ताद काठावर उभे.

मी म्हणालो, "वस्ताद, माफ करा. पण तुम्ही त्याला सोडवलंत, हे मोठंच."

"ते करायलाच हवं होतं. माझ्यापायी पोरगा मार खातो, म्हणजे काय?" मग म्हणाले, "पण तुम्ही घाई केलीत, साहेब. माझ्या तालमीतले चार पठ्ठे इथे खेळायला यायला राजी झाले होते. चोरून नव्हे, उघड. एकेकाच्या घरी जाऊन मी सहा महिने समजूत घातली होती. तुमच्या पंचांनी तालमीत बोभाटा केला आणि आता त्यांच्या घरच्यांनी त्यांना शपथा घातल्यात. एकटाही येत नाही."

त्या तरुणाने मला पाणी आणून दिलं. ज्याला मी मारलं त्यानेच.

पुढे राज्य झालं, पेढे वाटले गेले, मीही वाटले. केसच्या कागदावर माझी एक चूक कुणी दाखवू शकणार नाही. पंच बोलावण्याआधी ते कुणाचे कोण, हे मी तेव्हापासून प्रत्येक वेळी विचारत आलो. पण सहा महिने दारोदार फिरून एका म्हाताऱ्याने जोडलेलं मी एका सकाळी, नियमाने, दोन सह्या घेऊन मोडलं. ते चार पठ्ठे त्या हौद्यात कधीच उतरले नाहीत.