संत्र्याचा चुना

सौंसरला कमी खर्चाच्या, थंड घरांवर सभा होती. मंचावरचे तज्ज्ञ ऊर्जाबचतीवर जड हिंदीत बोलत होते आणि आम्ही संत्रेवाले पंख्याखालची जागा शोधत होतो. मग त्यांच्यातलीच एक चष्मेवाली बाई माइक ठेवून खाली आमच्यात आली.

"भाऊ, संत्र्याच्या खोडाले चुना कायले लावता?" तिने मलाच विचारलं.

"ऊन लागू नये म्हून."

"मंग घराच्या स्लॅबनं तुमचं काय वाकडं केलं?"

सभा हसली. मला राग आला. म्हटलं, माझ्या घरी या अन् स्लॅब पाहा. ती खरंच आली. शिडी चढली आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात स्लॅबला लावला. मग पदर खोचून माझ्याबरोबर चुना कालवायला बसली.

"आमचं घर टिनाचं होतं," ती ढवळता ढवळता म्हणाली. "दुपारी आत बसवत नव्हतं. म्हून संत्र्याखाली अभ्यास करत होती. घरात तशी सावली पाह्यजे, तवापासून त्याच्याच मागं लागून राहिली."

आता उन्हाळा लागला की बागेतून उरलेला चुना आमच्या आळीत छतांवर चढतो. दुपारी आई आत निवांत झोपते. पाहुणे पांढऱ्या छतांची रांग पाहून विचारतात, नागपूरचा कोणता इंजिनिअर आणला होता?

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण गाव विचारलं होतं.

"नागपूरचा कायले?" मी सांगतो. "आपल्या तिगावची पोरगी आहे."