डावा विंगर, नाव उपलब्ध नाही

नाव: आयझॅक जोनाथन ग्लेस्टर. वय: पंचावन्न. राहणार: सात, चॅपल ब्रो, एलनगार्थ, कंबरलंड. (सरकारने बारा वर्षांपूर्वी परगण्याचं नाव बदललं, सदर इसमाने ते अद्याप मान्य केलेलं नाही.) व्यवसाय: कोळशाच्या खाणीत दिवे वाटपाचा कारकून, गेल्या मार्चात खाण बंद झाल्याने घरी. वैवाहिक स्थिती: एडना. पद: कंबरलंड किनाऱ्याचा सर्वकालीन सर्वश्रेष्ठ रग्बी लीग संघ निवडण्यासाठी नेमलेल्या समितीचे मानद नोंदणीकार. खेळाडू म्हणून कारकीर्द: सामने एक, ट्राय शून्य, हातून निसटलेले चेंडू दोन. शिस्तभंगाची कारवाई: एक, आजन्म. सर्वसाधारण वर्तणूक: समाधानकारक.

समिती तिघांची होती. अध्यक्ष टॉम फिअरन, धंद्याने खाटीक. तरुणपणी पहिल्या फळीत डोकी घासून त्याच्या दोन्ही कानांची भजी झालेली. दुसरी नोरा टिनियन, गावच्या रग्बी लीग क्लबचे दिवंगत चिटणीस डिक टिनियन यांची विधवा; तिच्याकडे नवऱ्याची सगळी कागदपत्रं होती आणि त्याहून पक्की स्वतःची मतं. तिसरा आयझॅक. बैठक दर मंगळवारी दुपारी टॉमच्या दुकानाच्या माडीवर, सॉसेजच्या वासात. तेरापैकी बारा जागा पाच आठवड्यांत भरल्या. तेवढ्यात टॉम दोनदा रागावून जिना उतरला आणि दुकान त्याचंच असल्यामुळे दोनदा मुकाट्याने परत वर आला.

उरली डाव्या विंगरची, म्हणजे डाव्या कडेने धावणाऱ्या गड्याची जागा. गावच्या साप्ताहिकाने वाचकांची मतं मागवली होती. तीनशे चाळीस पत्रं आली. आयझॅकने ती दोनदा मोजली आणि सहाव्या मंगळवारी आकडा सांगितला.

"दोनशे बारा पत्रं एकाच माणसाला आहेत," तो म्हणाला. "ए. एन. अदर."

"दोनशे बारा!" टॉम म्हणाला. "माझ्या लग्नाला एवढी माणसं नव्हती."

"होती ती जेवण आहे म्हणून आली होती," नोरा म्हणाली.

ए. एन. अदर हा कोणी माणूस नव्हे. पंधरा जणांची रग्बी युनियन आणि तेरा जणांची रग्बी लीग हे एका आईचे दोन मुलगे. थोरल्याने धाकट्याशी नव्वद वर्षं अबोला धरलेला, कारण धाकटा खेळण्याचे पैसे घेतो. युनियनच्या माणसाने लीगच्या मैदानावर एक सामना जरी खेळला, फुकट खेळला, तरी तो बाटला. युनियनचं दार त्याला आजन्म बंद. म्हणून युनियनमधला कोणी चोरून चाचणीचा सामना खेळायला आला की लीगचे क्लब कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव छापत नसत. 'ए. एन. अदर' छापत, म्हणजे दुसरा कोणीतरी. आयझॅकच्या नोंदवहीत या अदरच्या नावावर एक्केचाळीस वर्षांत एकशे सहा सामने होते, कधी डाव्या बाजूला, कधी उजव्या, एकदा एकाच सामन्यात दोन्हीकडे.

पण पत्रांतला अदर एकच होता. नाताळचा दुसरा दिवस, सन सत्तेचाळीस, यॉर्कशरचा पाहुणा संघ, मैदानावर घोटाभर चिखल. डोक्यावर चामड्याची टोपी घातलेल्या त्या पोराने आपल्याच रेषेमागे चेंडू उचलला आणि धाव सुरू केली. त्याने किती जणांना चकवलं? काही पत्रांत सहा, काहींत नऊ. एका पत्रात चौदा, म्हणजे पंचालाही धरून. पलीकडच्या रेषेमागे चेंडू टेकवून, म्हणजे ट्राय करून, तो हात न उंचावता परत आपल्या जागी येऊन उभा राहिला. असे तीन सामने खेळला आणि नाहीसा झाला.

आयझॅक तेव्हा सोळा वर्षांचा होता, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ. त्या धावेचा चिखल त्याच्या कोटावर उडाला होता. आईने तो धुतला म्हणून दोन दिवस तो आईशी बोलला नव्हता.

"नाव नसलेला माणूस निवडायचा कसा?" टॉमने विचारलं. "सत्काराचं बोलावणं कुणाला धाडू? दुसरा कोणीतरी, एलनगार्थ?"

"नाव सापडलं तरी छापू नये," आयझॅक म्हणाला. "माणूस जिवंत असेल, युनियनमध्ये असेल, तर ते त्याला दुसऱ्या दिवशी बाहेर काढतील."

"चाळीस वर्षांनी? वेडा की काय!"

"आजन्म म्हणजे आजन्म, टॉम. ते तारीख बघत नाहीत."

हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. एक्कावन्न साली, त्या चिखलाच्या आठवणीवर, तोही ए. एन. अदर होऊन एक सामना खेळला. दोन चेंडू हातातून निसटले आणि लीगने त्याला पुन्हा बोलावलं नाही. युनियनला मात्र कुणीतरी कळवलं. भरल्या सभेत पत्र वाचून दाखवण्यात आलं: सदर इसमास आजन्म बंदी, खेळास, सभासदत्वास आणि क्लबच्या वास्तूत प्रवेशास. दोन वर्षांनी बाप वारला. बाप युनियनचा जुना गडी, म्हणून दफनानंतरचा चहा क्लबात. मुलगा अंगणात उभा. आत्याने खिडकीतून हॅमचं सँडविच बाहेर दिलं, ते त्याने उभ्याउभ्या खाल्लं.

नोराने पर्स उघडली आणि एक काळी वही टेबलावर ठेवली.

"गाडीभाडं आणि विमा यांसाठी खरी नावं कुठेतरी लिहावीच लागत," ती म्हणाली. "डिकने बजावलं होतं, मी जिवंत असेपर्यंत ही उघडायची नाही. मेल्यावर उघडायची नाही असं काही म्हणाला नाही."

"सहा वर्षं झाली की त्याला जाऊन!" टॉम ओरडला. "बोलली का नाहीस?"

"विचारलं का कुणी?" तिने पान शोधलं. "सव्वीस डिसेंबर सत्तेचाळीस. डावा विंगर. सी. लोथियन."

खाली दुकानात कुणीतरी दोन चॉप मागत होतं, ते वर स्पष्ट ऐकू आलं.

आयझॅकने तिला पुन्हा वाचायला लावलं. मग वही स्वतः घेतली. मग चष्मा पुसून पुन्हा घेतली. डिकचं अक्षर दुर्दैवाने छापल्यासारखं स्वच्छ होतं.

कथबर्ट लोथियन, एम.ए. मोठ्या शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त. सारं गाव त्यांना सर म्हणे, लॅटिनच्या वाऱ्यालाही उभं न राहिलेलं गावसुद्धा. एकोणपन्नास साली ते नोकरीसाठी एलनगार्थला आले, त्यामुळे सत्तेचाळीसच्या टोपीखालचा चेहरा कुणी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. बावीस वर्षं युनियन क्लबचे अध्यक्ष. प्रेक्षकांच्या नव्या सज्जाला त्यांचंच नाव. आणि एक्कावन्न साली क्लबचे चिटणीस. आयझॅकचं पत्र भरल्या सभेत वाचणारा आवाज त्यांचा होता. स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

टॉमने टेबलावर अशी मूठ मारली की चहा सांडला. "अरे देवा! अरे लबाडा! आयझॅक, गड्या, देवाने ताट वाढून तुझ्यापुढे सरकवलंय. छाप नाव! मोठ्या अक्षरात!"

आयझॅकने वही मिटली. पस्तीस वर्षं त्याने एका माणसाला पूजलं होतं आणि एका माणसाला शिव्या घातल्या होत्या. दोघांचा जमाखर्च वेगवेगळ्या पानांवर होता. आता कुणीतरी मधला कागदच फाडला होता.

"निर्णय तुझा," नोरा म्हणाली. "जखम तुझी आहे. शुक्रवारी बारापर्यंत छापखान्यात नावं द्यायची. तोवर ठरव, खरं नाव की ए. एन. अदर."

घरी एडना चुलीशी होती. तिला सांगितलं.

"लोथियन सर? चर्चमध्ये बायबलातला धडा वाचतात ते?"

"तेच."

"खाली पडलेलं पान बघितलं तरी उचलतात ते?"

"तेच ते, एडना!"

एडना खुर्चीत बसली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. चुलीवर भांडं असताना ती बसलेली त्याने पहिल्यांदा पाहिली.

"त्यांनी तुला काय केलं ते मला माहीत आहे," ती सावकाश म्हणाली. "रोज जेवताना ऐकते. तू आता त्यांना तेच करणार असशील तर एक काम कर. आधी त्यांच्या तोंडावर जाऊन सांग. तुला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, नाही का? सभा भरवली होती." मग नाकाने वास घेऊन ती उठली. "बटाटे लागले बघ तुझ्या पायी."

गुरुवारी सकाळी आयझॅक लोथियन सरांच्या दारात उभा राहिला. जाताना त्याने एक वाक्य घोळवून तयार केलं होतं. छापणार नाही हे त्याने रात्रीच ठरवलं होतं. पण ते सांगण्याआधी निदान पाच मिनिटं त्या माणसाची पाचावर धारण बसलेली बघायची, एवढा मोबदला त्याला रास्त वाटत होता.

सरांनी दार स्वतः उघडलं. चौसष्ट वर्षांचा, वाळलेला, उंच माणूस. स्वेटरची कोपरं विरलेली.

"मिस्टर ग्लेस्टर," ते म्हणाले. पस्तीस वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते, पण नावाची अडचण पडली नाही.

"सव्वीस डिसेंबर सत्तेचाळीस," आयझॅक म्हणाला. घोळवलेलं वाक्य मोठं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं.

सरांनी चौकट धरली. चेहरा खडूसारखा झाला. आयझॅकने पाच मिनिटं ठरवली होती. पाच सेकंदांतच त्याला ते बघवेना.

"छापणार नाही," तो घाईने म्हणाला. "तेच सांगायला आलो. ए. एन. अदर म्हणूनच जाईल. तुमचं नाव आम्हा तिघांना माहीत आहे, आणि एडनाला. बस."

"छापणार? कुठे छापणार?"

"सर्वकालीन संघात. डावा विंगर. दोनशे बारा पत्रं आली."

"कुणाची?"

"लोकांची. बघणाऱ्यांची."

सर बाजूला झाले आणि आयझॅक आत गेला. कुणी 'या' असं म्हटलं नाही. सरांनी चहा केला आणि त्यात दूध घालायला विसरले.

"ते लक्षात आहे?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं ते फक्त मलाच आठवतं."

"मी झेंड्यापाशी होतो. तुम्ही नऊ जणांना चकवलंत."

"पाच," सर म्हणाले. "सहावा आपणहून घसरला."

 मग आयझॅकने विचारलं, कारण आता नाही तर कधीच नाही: "मग माझं पत्र तुम्ही कसं वाचलंत?"

"मोठ्याने," सर म्हणाले. "पुटपुटलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, लोथियन, तुला का एवढं लागतंय? मी भ्यालो होतो, मिस्टर ग्लेस्टर. नोकरी नवी होती. चौथ्या सामन्याच्या आधी वडिलांनी विचारलं होतं, शनिवारी असतोस कुठे? मी म्हणालो, ग्रंथालयात, आणि चौथा सामना खेळलोच नाही. तेव्हापासून सगळी शिस्त मीच सांभाळली. चोराला पहारा चांगला जमतो." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्याविरुद्ध कळवलं कुणी, ते मला माहीत नाही. मी असतो तर आज सांगितलं असतं."

आयझॅकचा विश्वास बसला. तो बसला याचाच त्याला धक्का बसला.

"नाव छापा," सर म्हणाले.

"काय?"

"पूर्ण छापा. कथबर्ट लोथियन. लोथियनमध्ये एच विसरतात छापखानेवाले, तेवढं बघा."

"अहो, तुम्हाला काढतील! सज्जावरचं नाव काढतील! माझ्यासारखं अंगणात उभं करतील!"

"करतीलच. नियम स्पष्ट आहे, मीच कितीदा तरी वाचलाय." आवाज तोच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "सज्जावर माझं नाव आहे ते बावीस वर्षं सभा भरवल्याबद्दल. दोनशे बारा माणसांनी मत दिलंय ते कशाबद्दल, ते तुम्ही झेंड्यापाशी उभं राहून बघितलंत. एकच नाव ठेवता येत असेल तर कुठलं ठेवू, सांगा बरं?"

 शुक्रवारी पावणेबाराला आयझॅकने छापखान्यात नाव दिलं आणि एच आहे ना ते कंपोझिटरच्या मागे उभं राहून बघितलं.

गावाला जो हादरा बसला तो काही केल्या ओसरेना. दोन सभासदांनी सरांना रस्त्यात बघून फुटपाथ बदलला. टॉमच्या दुकानात लोक चॉप घ्यायला यायचे आणि बोलण्याच्या नादात न घेताच जायचे. युनियनने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सभा भरवली. पत्राचा मसुदा सरांनीच करून दिला, कारण बाकी कुणाला त्यातले शब्द नीट येत नव्हते. मोठ्याने वाचायला कुणी तयार होईना, म्हणून ते टपालाने पाठवण्यात आलं: सदर इसमास आजन्म बंदी, खेळास, सभासदत्वास आणि क्लबच्या वास्तूत प्रवेशास.

त्याच शनिवारी सर लीगच्या मैदानावर आले. तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. संघाची घोषणा झाली; तेरापैकी जिवंत असलेल्या पाच जणांना मैदानात बोलावलं गेलं. लाउडस्पीकरवर सरांचं नाव आलं.  मग खाणीच्या बाजूच्या पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "सर, टोपी कुठाय?" आणि जो आवाज उठला तो टॉमच्या म्हणण्याप्रमाणे पलीकडच्या दीपगृहापर्यंत गेला. सर हात न उंचावता उभे राहिले. परतल्यावर ते आयझॅकशेजारी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "यांचे नियम जरा समजावून सांगाल का? सहावी पकड झाली की चेंडू का देऊन टाकतात? आमच्या वेळी असं नव्हतं."

जानेवारीभर दर शनिवारी तो समजावत राहिला. ते दर वेळी शंका काढत.

कथबर्ट लोथियन फेब्रुवारीच्या शेवटी वारले. आजन्म बंदी एकूण अकरा आठवडे टिकली.